फायदा होतो ना?

निमिषा: हांडवो गरम आहे तोवर खाऊन घ्या, बेन. मग सांगते.

तरुलताबेन: आधी सांगा. तुम्ही हांडवो आणता तेव्हा मला न आवडणारंच काहीतरी असतं. मागच्या वेळी आणलात तेव्हा ऐन परीक्षेच्या आधी पोरीला घेऊन द्वारकेला निघाला होतात.

निमिषा: तुमच्यापासून काही लपत नाही. तर... झील उद्यापासून तुमच्या शिकवणीला यायची नाही.

तरुलताबेन: बरं नाही तिला?

निमिषा: बरी आहे. छान आहे. फारच छान आहे, तेच तर सांगायला आले. ते घोघा सर्कलजवळ नवं केंद्र निघालंय ना, नवदृष्टी म्हणून? तिथे नेतोय आम्ही तिला. पिवळा चष्मा दिलाय आणि एक डुगडुगणारी फळी. फळीवर उभं राहून चेंडू झेलायचा. तिथले निकुंजसर म्हणतात, होळीपर्यंत पोरगी घडाघडा वाचेल.

तरुलताबेन: फळीवर उभी राहून?

निमिषा: हसू नका ना, बेन.

तरुलताबेन: हसत नाही. समजून घेतेय. झीलचे डोळे आपण तपासून घेतले होते. मीच पाठवलं होतं तुम्हाला. काय म्हणाले होते डॉक्टर?

निमिषा: डोळे स्वच्छ आहेत म्हणाले होते. पण हे डोळ्यांचं नाहीच. डोळ्यांतून मेंदूकडे जी वाट जाते ना, ती अडलीये. सरांनी चित्र काढून दाखवलं. रंगीत काचेतून पाहिलं की अक्षरं हलायची थांबतात, आणि फळीवर तोल आला की वाट मोकळी होते.

तरुलताबेन: तिची अक्षरं हलत नाहीत, निमिषाबेन. झीलला ‘घ’ दिसतो, ‘ध’ पण दिसतो. कुठल्याला काय म्हणायचं ते चटकन तिच्या हाताशी येत नाही. आवाज आणि अक्षर यांची गाठ बसत नाही पटकन. ती एकेक करून बांधावी लागते. काच रंगवून गाठ बसत नाही. लोकांनी हे तपासून पाहिलंय, शेकडो मुलांवर. साधी काच आणि रंगीत काच, फरक पडत नाही.

निमिषा: माझ्या डोळ्यांसमोर पडला. आधी बिनचष्म्याची वाचायला लावली, अडखळली. चष्मा घातला, तोच धडा भराभर वाचला.

तरुलताबेन: तोच धडा?

निमिषा: हो, तोच.

तरुलताबेन: दुसऱ्यांदा तर मीही बरं वाचीन.

निमिषा: आणि रस्त्यावरच्या पाट्या? परवा रिक्षातून जाताना ‘गांठिया’ वाचलं तिने. अनुस्वारासकट. केतनने, तिच्या बापाने, रिक्षा थांबवून पाव किलो घेतले आनंदाने.

तरुलताबेन: अनुस्वार आम्ही श्रावणात केला. जोडाक्षरं नवरात्रीच्या आधी सुरू केली. दोन वर्षं बसलेय मी त्या पोरीबरोबर. आता कुठे तिची गाडी रुळावर येतेय आणि श्रेय चष्म्याला.

निमिषा: तुमचं श्रेय कोण काढून घेतंय, बेन? तुम्ही नसता तर ‘क’सुद्धा आला नसता तिला. मी सगळ्यांना सांगते.

तरुलताबेन: मला श्रेय नको. मला पोरगी हवी आहे, आठवड्यातून चारदा. बरं, चष्मा घालू दे. फळीवर नाचू दे. पण इकडेही येऊ दे.

निमिषा: सर नाही म्हणतात. दोन्हीकडचं एकदम केलं की मेंदू गोंधळतो.

तरुलताबेन: असं म्हणाला?

निमिषा: लबाड नाही हो तो माणूस. त्याचा स्वतःचा भाचा असाच होता. मनापासून करतो. पोरांना मांडीवर घेतो.

तरुलताबेन: लबाड आहे असं कुठे म्हणाले मी? लबाड असता तर तुम्ही ओळखला असता. तुमचे मिस्टर हिऱ्याच्या कामात आहेत, खोटा खडा बोटानेच कळतो त्यांना. हा मनापासून करतो, म्हणून तर अवघड आहे.

निमिषा: तुम्हाला एक विचारू? रागावू नका.

तरुलताबेन: विचारा.

निमिषा: मागच्या उन्हाळ्यात मी तुम्हाला विचारलं होतं, झील कधी नीट वाचेल. काय म्हणाला होतात, आठवतं?

तरुलताबेन: खरं ते म्हणाले असेन.

निमिषा: म्हणालात, ‘वाचेल, पण सावकाशच वाचेल. कदाचित जन्मभर सावकाशच.’ आणि आत निघून गेलात. पुढचं मूल बसलं होतं तुमचं. मी चपला घालत होते. मला एक चप्पल सापडेना. समोर होती. सापडेना.

तरुलताबेन: खोटी आशा लावून काय...

निमिषा: खोटी नका लावू. पण तुमचं खरं घेऊन मला घरी जायचं असतं, बेन. घरी सासूबाई बसलेल्या असतात. त्या म्हणतात, पोटात होती तेव्हा तू आडवी पडून सारखा मोबाइल बघायचीस. नणंद म्हणते, वहिनी स्वतः दहावीला दोनदा बसली, मग पोर कशी असणार. केतन ताटावरून उठून बाहेर जातो, ते सगळ्यात वाईट. आणि तिथे त्या केंद्रात गेल्यावर सरांनी पहिलं काय केलं असेल? चित्र-बित्र नंतर. मला खुर्ची दिली. पाणी दिलं. म्हणाले, ‘बेन, यात तुमचं काही चुकलेलं नाही.’ सासूबाईंच्या समोर म्हणाले. मी तिथेच रडले, सगळ्यांदेखत.

तरुलताबेन: पण हे तर मीही... तुमचं चुकलंय असं मी कधीच म्हटलं नाही.

निमिषा: नाही म्हटलंत. पण चुकलेलं नाही असंही नाही म्हटलंत.

तरुलताबेन: मला वाटलं, ते तुम्हाला ठाऊक असेल.

निमिषा: कुठून ठाऊक असणार? आणि केतन बघा. दोन वर्षांत तुमच्या दारात आलाय एकदा तरी? तिथे दर शनिवारी येतो. फळी धरतो, चेंडू टाकतो. घरी तशीच फळी बनवलीये त्याने, सागाची, काठ घासून घासून गुळगुळीत. बाप-लेक संध्याकाळी अंगणात खेळतात, सासूबाई झोपाळ्यावरून मोजतात. घरात हसणं आलंय, बेन. तुमच्याकडे आल्यावर झील अर्धा तास घाम पुसते आणि एक पान वाचते. तिथे ती खेळते. मी आई आहे. मी काय निवडू?

तरुलताबेन: हांडवोला तीळ छान लागलेत.

निमिषा: तुम्ही रागावलात.

तरुलताबेन: नाही. तिची वही आणि बोट फिरवायची सँडपेपरची अक्षरं आहेत माझ्याकडे. ती ठेवते. टाकणार नाही.

निमिषा: तुमचे आशीर्वाद असू द्या.

तरुलताबेन: ते आहेतच. रात्री झोपताना तिला वाचून दाखवत जा. तेवढं तरी. तुम्हीच वाचा, तिला नुसतं ऐकू दे.

निमिषा: दाखवीन.

(पुढच्या वर्षीची दिवाळी होऊन गेलेली. तरुलताबेनचं तेच घर, तीच बाहेरची खोली. या वेळी झील बरोबर आली आहे.)

तरुलताबेन: साल मुबारक. या. उंच झालीस गं, झील. बसा, निमिषाबेन. तिथे नको, खुर्चीत बसा. चहा ठेवलाय.

निमिषा: चहा कशाला? मुलं यायची असतील तुमची.

तरुलताबेन: आज कुणाला बोलावलं नाही. तुमचा फोन आला म्हणून. घुघरे घ्या, करंज्या घरीच केल्यात. घे गं. चष्मा कुठे तुझा?

झील: दप्तरात.

तरुलताबेन: घालत नाहीस?

झील: शाळेत घालते. नाही घातला तर मॅडम विचारतात.

निमिषा: सांग बेनना. काय झालं ते सांग.

झील: तूच सांग.

निमिषा: मी सांगते. नवरात्रीत केंद्राचा मेळावा झाला, बेन. मोठा हॉल, दोन-तीनशे आईबाप. झीलला स्टेजवर उभी केली. पिवळा चष्मा, चणिया-चोळी. गोष्टीच्या पुस्तकातली दोन पानं वाचली तिने, कुठे अडली नाही. लोक उठून उभे राहिले. त्याचा व्हिडिओ निघाला. आमच्या नात्यातल्या एकूण एक फोनवर फिरला.

तरुलताबेन: पाहिलाय मी. माझ्याकडे येणाऱ्या तीन मुलांच्या आयांनी पाठवला. मग ती मुलं यायची थांबली.

निमिषा: ...ते मला माहीत नव्हतं.

तरुलताबेन: पुढे सांगा.

निमिषा: बेसत्या वर्षाला, पाडव्याला, सगळे घरी आले. दीर, जावा आणि सुरतची माझी नणंद, हिची फोई. सासूबाई म्हणाल्या, झील, वाचून दाखव. तिने तेच पुस्तक आणलं. वाचायला लागली. मी ताटं लावत होते, मागून वाकून पाहिलं. ती कोल्ह्याचं बोलत होती आणि समोरच्या पानावर कोल्हा नव्हताच. कोल्हा पुढच्या पानावर. ती पान उलटायला विसरली होती.

झील: विसरले नव्हते. चिकटली होती पानं. मोहनथाळ लागला होता.

निमिषा: कुणाला कळलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, बेन. हातातलं ताट खाली ठेवून वाजवल्या.

तरुलताबेन: झील, सगळं पाठ केलं होतंस?

झील: हो.

तरुलताबेन: सरांनी सांगितलं होतं पाठ करायला?

झील: नाही. सर म्हणाले होते, आता तुला येतंय. मला येत नव्हतं. मग कशाला सांगायचं? मम्मी रात्री वाचून दाखवायची ना ते पुस्तक, तुम्ही सांगितलं होतं म्हणून. त्याने पाठ झालं आपोआप. थोडं मी केलं.

तरुलताबेन: मला का नाही सांगितलंस, असं मम्मीने विचारलं का तुला?

झील: विचारलं. मी म्हटलं, पप्पा हसत होते.

निमिषा: हे उत्तर दिलं तिने मला.

तरुलताबेन: शाळेत?

निमिषा: सत्र परीक्षेचा गुजरातीचा पेपर कोरा. प्रश्नच वाचता आले नाहीत. सरांकडे गेले तर म्हणाले, मध्येच असं होतं, जुनं बाहेर पडताना. काच जरा गडद करू. इतक्या आपुलकीने म्हणाले की मला ‘बरं’ म्हणावंसं वाटलं. म्हटलंही. मग जिना उतरताना तुमची आठवण आली.

तरुलताबेन: केतनभाईंना सांगितलंत?

निमिषा: नाही. कसं सांगू? फळीला परवाच नवं पॉलिश केलंय त्याने. बेन, तो बाप आहे हो, नुसता पैसे आणून देणारा नव्हे, हे त्याला त्या फळीमुळे कळलं. ती काढून घेतली तर त्याच्या हातात काय उरतं?

तरुलताबेन: फळी का काढून घ्यायची? खेळू दे की. खेळायला कुणाची ना आहे? ‘याने वाचता येईल’ एवढंच खोटं आहे. खेळ खोटा नाही.

निमिषा: मग तो इथे येऊन काय करेल? नुसता बसायचा नाही तो. हाताला काम लागतं त्याच्या.

तरुलताबेन: हे बघा. ही सँडपेपरची अक्षरं. काठ झिजलेत, ‘घ’ची शेंडीच गेलीये. मूल बोट फिरवतं तेव्हा ‘घ’ आणि ‘ध’ सारखेच लागतात. मला लाकडाची हवी आहेत, बोटाला फरक कळेल अशी. बाजारात मिळतात ती जाडीभरडी. हिऱ्याचा माणूस कापेल तर नीट कापेल. विचाराल?

निमिषा: पूर्ण कक्को, क ते ज्ञ?

तरुलताबेन: पूर्ण. बाराखडीच्या मात्रा वेगळ्या. घाई नाही. शनिवारी एकेक आणून दिलं तरी चालेल, पण स्वतः आणायचं. आणि बसायचं.

निमिषा: तुम्ही हे माझ्यासाठी करताय.

तरुलताबेन: माझ्यासाठी करतेय. मी दारातून पोरगी आत घ्यायची आणि आईबापाला रस्त्यावर ठेवायची. वर म्हणायची, लोक चष्मेवाल्याकडे का जातात.

निमिषा: फोन वाजतोय माझा. थांबा हं. अनोळखी नंबर आहे... असेच येतात हल्ली. सरांनी माझा नंबर दिलाय सगळ्यांना. ‘जिच्या मुलीला गुण आला तिच्याशीच बोला’ म्हणून. व्हिडिओखाली पण टाकलाय.

तरुलताबेन: आणि तुम्ही काय सांगता त्यांना?

निमिषा: आजवर सांगत आले, फायदा होतो.

तरुलताबेन: उचला.

निमिषा: हॅलो... हो, मीच झीलची मम्मी... महुव्याहून? हो बोला ना... हो, तो व्हिडिओ आमचाच... बेन, ऐका, मला तुम्हाला काही सांगायचंय... हॅलो? इथे नीट ऐकू येत नाही, बाहेर ओट्यावर जाते. थांबा, ठेवू नका.

झील: आता सांगणार मम्मी?

तरुलताबेन: तुला काय वाटतं?

झील: सांगेल. मग सगळ्यांना कळेल मी पाठ केलं होतं.

तरुलताबेन: भीती वाटते?

झील: थोडी. सुरतच्या फोई हसतील. पण आता कुणी वाच म्हणालं की मी बाथरूममध्ये लपते ना, ते थांबेल.

तरुलताबेन: दोन पानं पाठ करणं सोपं नाही. मला जमणार नाही या वयात. बघू, हे काय लिहिलंय?

झील: ध... धु... धु-ध-रा. धुधरा.

तरुलताबेन: खाल्लंस काय आत्ता?

झील: घुघरा. म्हणजे हा ‘घ’ आहे. मला येत होतं हे. आधी येत होतं.

तरुलताबेन: येत होतं. परत येईल. इतके महिने बोट फिरवलं नाहीस, म्हणून गेलं. बोट दे. वरून ये. इथे गाठ नाही, सरळ. इथे बघ, इथे वळतं. पुन्हा.

झील: मी मोठी झाल्यावर पण सावकाशच वाचीन का?

तरुलताबेन: बहुतेक सावकाशच. पण वाचशील. आणि मी इथेच आहे. आणि हे तुझ्या आळशीपणामुळे नाही, मम्मीमुळेही नाही. हे तुला कुणी सांगितलं होतं का?

झील: सरांनी सांगितलं होतं.

तरुलताबेन: ते त्यांनी बरोबर सांगितलं.

झील: मम्मी आली.

तरुलताबेन: बसा. चहा निवला, दुसरा देते. काय झालं?

निमिषा: सांगितलं मी सगळं. पाठ केलं होतं, पेपर कोरा, काचेने काही झालं नाही, सगळं. तुमचंही नाव सांगितलं. ती ऐकत होती. मुलगा नऊ वर्षांचा आहे तिचा. मास्तर वर्गाबाहेर बसवतात.

तरुलताबेन: मग?

निमिषा: म्हणाली, तुमच्या मुलीला गुण नाही आला म्हणून माझ्या मुलाला येणार नाही असं थोडंच आहे.

तरुलताबेन: तुम्ही काय म्हणालात?

निमिषा: काय म्हणणार? गेल्या वर्षी मला कुणी फोनवर असं सांगितलं असतं, तर मीही हेच म्हटलं असतं. ती बसमध्ये बसलीच आहे, बेन. मुलाला घेऊन निघालीच आहे. शेवटी मला विचारलं, एस.टी. स्टँडवरून केंद्राकडे कसं जायचं.

तरुलताबेन: सांगितलंत?

निमिषा: सांगितलं. पोराला घेऊन उन्हात कुठे शोधत फिरली असती ती.